थंड पाण्यातली पंगत

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड, कॅनडा
एप्रिल

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या गार पाण्यात जिवाणू जगतात तरी का? आणि जगले, तर तू ते मोजून करतेस काय?" तुझी लेक्चरची वेळ झाली होती, म्हणून उत्तर राहिलं. आता निवांत लिहिते.

जगतात, आणि भरपूर जगतात. इथल्या खाडीच्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे ड्रॉपरच्या वीसेक थेंबांत, काही लाख जिवाणू असतात. मोजायची रीत अशी. पाणी आणल्या आणल्या त्यात थोडं फॉर्मलिन घालायचं, म्हणजे आहे तो आकडा तिथेच थांबतो. मग डॅपी नावाचा रंग घालायचा, तो डीएनएला चिकटतो. मग 0.2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या काळ्या गाळणीतून पाणी सावकाश ओढून घ्यायचं. घाई केली की पेशी फुटतात. गाळणी चिमट्याने उचलून काचपट्टीवर ठेवायची, तेलाचा थेंब, वर काच, आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. खडीची चंद्रकळा अंथरल्यासारखं दिसतं, काळ्यावर निळे ठिपके. एका चौकटीतले मोजायचे, पट्टी सरकवायची, पुढचे मोजायचे. हल्ली हे काम यंत्र काही मिनिटांत करतं, पण यंत्राच्या आकड्यावर शंका आली की शेवटी डोळाच लावावा लागतो. मला तर तेच आवडतं.

आता 'करतेस काय' याचं उत्तर. लॅब्राडोरचा गार प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो. शेजारच्या कन्सेप्शन बे या उपसागरात खोलातलं पाणी भर उन्हाळ्यातही शून्याखाली असतं. मिठामुळे ते गोठत नाही, एवढंच. पण मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा झाला की याच बर्फगार पाण्यात वनस्पतिप्लवकांना, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना, बहर येतो. डायटम नावाची एकपेशीय शेवाळं इतकी वाढतात की आमच्या गाळण्या तपकिरी होतात. वर्षातलं मोठं अन्न हेच. ते जिवाणू खाणार की प्राणिप्लवक, म्हणजे तरंगणारे इवले प्राणी, हा माझ्या मोजणीमागचा प्रश्न.

जिवाणूंकडे अन्न कसं जातं, तर शेवाळातून साखरेसारखे पदार्थ पाण्यात झिरपतात, ते जिवाणू शोषतात. जिवाणूंना इवले कशाधारी (चाबकासारखी शेपटी असलेले) एकपेशीय जीव खातात, त्यांना पक्ष्माभिका (अंगभर बारीक केस असलेले एकपेशीय जीव) आणि पक्ष्माभिकांना कोपेपॉड. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, झिंग्याच्या लांबच्या नात्यातले जीव. सुटा जिवाणू त्यांना पकडता येत नाही, फारच बारीक. फारूक आझम हे सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा सगळा फेरा मांडला. गोम अशी की प्रत्येक पायरीवर बरंचसं अन्न श्वसनात उडून जातं. म्हणजे अन्न या लांबच्या वाटेने गेलं तर माशापर्यंत फार थोडं पोचतं. कोपेपॉडने डायटम थेट खाल्ला, तर पुष्कळ पोचतं.

1986 मध्ये लॉरेन्स पोमरॉय आणि इथल्याच मेमोरियल विद्यापीठाचे डॉन डाइबेल या शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर बहराच्या वेळी पाणी शून्याच्या आसपास असतं, त्यात शेवाळं वाढतात पण जिवाणू सुस्तावतात, आणि म्हणून अन्न प्राण्यांना उरतं. कल्पना फार देखणी आहे. पण सगळ्यांना पटली नाही. ध्रुवीय पाण्यातले जिवाणू थंडीतही चांगले वाढताना इतरांनी पाहिले. पुढे पोमरॉय यांनीच मांडलं की तापमान एकटं धरून चालत नाही. गारठ्यात जिवाणूला विरघळलेलं अन्न जास्त दाट लागतं. ते मिळालं तर तो गारठ्यातही वाढतो. मला हे जास्त पटतं. नुसतं थर्मामीटर बघून निकाल देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आणि या फेऱ्याला चक्क बगल देणारा एक प्राणी इथे आहे, तोच माझा लाडका. ओइकोप्ल्युरा. अंग काही मिलिमीटर, त्याला वळवळती शेपटी, आणि भोवती स्वतःच्याच शेंबडाचं घर. शेपटी हलवून तो घरात पाणी ओढतो. बाहेरची जाळी मोठे कण अडवते, आतली इतकी बारीक असते की जिवाणूसुद्धा अडकतात. मधल्या दोन पायऱ्या गाळून जिवाणू थेट प्राण्याच्या पोटात! जाळी तुंबली की तो घर सोडून देतो आणि नवं फुगवतो. सोडलेली घरं बुडत जातात आणि त्यांवर पुन्हा जिवाणू वस्ती करतात. इथले कोळी या चिकट गाळाला 'स्लब' म्हणतात आणि मनापासून शिव्या देतात, कारण जाळ्यांवर त्याचा थर बसतो आणि मासे जाळं ओळखून दूर राहतात. घरांचा एक गोळा मी बोटांवर घेऊन पाहिला आहे. हाताला पातळ शेंबडासारखा लागतो. तुझ्या आजीने लगेच हात धुवायला पाठवलं असतं.

कोपेपॉडही नुसते घेत नाहीत. डायटम फोडताना बरंच सांडतात, ते उष्टं-खरकटं जिवाणूंना मिळतं. त्यांच्या लेंड्या, त्यांचं आतडं, त्यांची पाठ, सगळीकडे जिवाणू आहेत. हे फक्त थंड पाण्यातच असं नाही. बंगालच्या पाण्यात पटकीचे (कॉलऱ्याचे) जिवाणू कोपेपॉडच्या कायटिन नावाच्या चिवट पदार्थाच्या कवचाला चिकटून राहतात. म्हणून बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुन्या सुती साडीच्या चार तरी घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आला: पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. जिवाणू साडीतून सहज निसटतो, पण कोपेपॉड अडकतो आणि त्याच्याबरोबर चिकटलेले जिवाणूही. आजी नळाला फडकं बांधायची, त्याला आपण हसायचो. आठवतं ना?

तू पुढे विचारशील, पाणी तापलं तर? बहराच्या वेळी पाणी दोन अंश उबदार असेल, तर जिवाणूंचा वाटा वाढेल आणि कोपेपॉडचा घटेल, असा सरळ हिशोब मांडता येतो. पण पाणी तापलं की बहराची वेळ बदलते, शेवाळाची जात बदलते, पाण्याच्या थरांचं मिसळणं बदलतं. म्हणून मी सरळ हिशोबाला भुलत नाही. इथली कॉड माशाची मासेमारी 2 जुलै 1992 ला सरकारने बंद केली, त्याचं खापर मात्र जिवाणूंच्या माथी मारू नकोस. त्यात माणसाच्या हावरटपणाचा वाटा मोठा होता.

कोपेपॉडवर पोसलेला कॅपलिन नावाचा मासा जून-जुलैत अंडी घालायला थेट वाळूवर येतो. मिडल कोव्हच्या किनाऱ्यावर लोक बादल्या घेऊन उभे असतात, आणि मागे देवमासे. सुट्टीत येणार असशील तर त्याच सुमाराचं तिकीट काढ. उन्हाळा म्हणून नुसते टी-शर्ट भरू नकोस, विंडचीटर आण. आणि मावशीकडून गोडा मसाला. इथे मिळतो तो नावालाच.

फोन रविवारी कर. आता आठ तासांचा फरक आहे, इथले सकाळचे आठ म्हणजे तुझे दुपारचे चार.

तुझी,
आई