‘होतेच असं’ म्हणजे नेमकं किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत बायकांच्या तब्येतीवर बरंच येतं. गुडघे, थायरॉइड, उन्हाळ्यातली त्वचा. पण गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यावर अंगावरून किती रक्त जातं आणि किती गेलं म्हणजे दवाखाना गाठायचा, हे मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. बाईला ते विचारायची लाज वाटते आणि आपल्याला छापायची, असं दिसतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या वरच्या खोलीत एक जोडपं भाड्यानं राहतं. तो हिंगण्याच्या एमआयडीसीत, लेकरू सव्वा वर्षाचं. दुपारी लेकराचं रडणं थांबेना म्हणून मी वर गेले, तर ही न्हाणीच्या भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे. “काही नाही काकू, ऊन लागलं.” नागपूरच्या मे महिन्यात चक्कर आली की दुसरं कारण कोणी शोधतच नाही. मीही पन्हं करायला खाली निघाले होते. वळताना बादलीत नजर गेली. जुन्या साडीच्या घड्या भिजत घातलेल्या आणि पाणी लालभडक.

मग सगळं निघालं. महिना चुकला होता. नवऱ्यानं मेडिकलमधून किट आणलं होतं. (आपल्याकडे औषधाचं दुकानही ‘मेडिकल’ आणि मोठं सरकारी हॉस्पिटलही ‘मेडिकल’. तो दुसऱ्या मेडिकलमध्ये गेला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.) चिठ्ठी नाही, सोनोग्राफी नाही, ते दुकानदारानं विचारलंही नाही. डब्यातला कागद इंग्रजी, मुंगीच्या पायासारख्या अक्षरात. रक्त जास्त जातंय म्हणून नवऱ्यानं पुन्हा दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, “होतेच असं.” सासूला गावाकडे फोन केला, ती म्हणाली, “होतेच बाई, जाते दोन दिवसांत.” दोघांचंही तसं खोटं नव्हतं. रक्त जातंच. पण किती?

आम्ही ऑटो करून नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, “तासाला किती पॅड?” ती माझ्याकडे पाहायला लागली. पॅड ती वापरतच नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं, त्यांनी प्रश्न बदलला, “जाड घडी घेतली की किती वेळात ओघळ मांडीवर येतो?” अर्ध्या तासात. “कधीपासून?” सकाळपासून. बास, पुढचं काही न विचारता तिला आत घेतलं. गर्भाचा तुकडा आत राहिला होता. तो काढावा लागला, रक्तही चढवावं लागलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

त्या तीन दिवसांत मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं, ते इथे लिहिते. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घेतली की काही तासांत कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठीही पडतात. हा जोर काही तासांचा. मग ते पाळीसारखं होतं आणि रोज थोडं थोडं कमी होत जातं. बहुतेकींना नऊ ते सोळा दिवस, काहींना महिनाभर नुसते डाग. त्याला घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं केव्हा? मोठी पॅड, तीही पूर्ण भिजलेली, तासाला दोन आणि असं सलग दोन तास झालं, तर तिसऱ्या तासाची वाट पाहायची नाही. घडी वापरणारीनं अर्ध्या तासाचा हिशेब धरावा. लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छाती धडधडत असेल, तरी तेच. गोळ्या घेतल्या त्या दिवशी थोडी कणकण येऊ शकते. पण 100.4 च्या वरचा ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, किंवा पांढऱ्या पाण्याला घाण वास यायला लागला, तर आत जंतू झालेत असं समजायचं. कमी होत आलेलं रक्त पुन्हा जोरात सुरू झालं, तरी दाखवायचं.

याची एक उलटी बाजूही आहे, ती मला ठाऊकच नव्हती. दुसऱ्या गोळ्यांनंतर चोवीस तासांत काहीच गेलं नाही, तेही बरं लक्षण नाही. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर या गोळ्या त्याला लागू पडत नाहीत. रक्त जेमतेम जातं, पोटाच्या एका बाजूला किंवा खांद्याच्या टोकाला दुखतं आणि नळी आतल्या आत फुटते. म्हणून आधी तपासणी हवी. त्यात आपल्या बायकांच्या अंगात रक्त आहेच किती? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. दुसरीला जे रक्त जाणं सोसेल, ते हिला सोसेलच असं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर तिचा नवरा हळूच म्हणाला, “काकू, पोलीस केस तं नाही होणार न?” दवाखाना टाळायचं हेच खरं कारण होतं. 1971 पासून आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी कायद्यानं स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही. आणि रक्त जात असताना आधी उपचार, बाकीचे प्रश्न मागाहून. शहरात सरकारी दवाखाने आहेत: डागा आहे, मेयो आहे, मेडिकल आहे. गाडी नसेल तर 108 आहे. दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या, हे डॉक्टरला मात्र खरं सांगायचं. ओरडा बसला तर बसला.

संपादक महाराज, मोठा लेख नको. भविष्याच्या चौकटीएवढी जागा द्या आणि हा पॅडचा, घडीचा हिशेब ठळक मराठीत छापा. पण महिलांच्या पानावर नको. किट आणायला दुकानात नवरा जातो आणि आमच्या घरी तरी पुरुष ते पान न वाचताच उलटतात. खेळाच्या पानावर छापा, क्रिकेटच्या स्कोअरशेजारी.

आपली,
एक वाचक
नंदनवन, नागपूर
(नाव छापू नये, भाडेकरूंची ओळख पटेल.)