सरासरीच्या शेजारी आकड्यांचं चित्रही छापा

मा. संपादक,
स. न.

पेपरात हल्ली आकडे भरपूर येतात आणि ते यायलाच हवेत. पण बहुतेक बातम्यांत आकडा म्हणजे एकच, सरासरी. सरासरी वय, सरासरी मार्क, सरासरी किती वेळ थांबावं लागतं, आणि तिथेच विषय संपतो. मी फर्स्ट इयरच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो, तिथेही हेच दिसतं, आकड्यांचा तक्ता समोर आला रे आला की मुलं कॅल्क्युलेटर काढतात, बेरीज करतात, भागतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि मोकळी होतात. ते आकडे कुठे गर्दी करून बसलेत, कुठे कोणीच नाही, एखादा लांब एकटाच पडलाय का, हे बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, कारण परीक्षेत ते कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की आधी चित्र काढा आणि मग ठरवा सरासरी सांगण्यात अर्थ आहे का, आणि हे वर्गात जितकं गरजेचं आहे तितकंच पेपरातही आहे.

एक खराखुरा डेटा सांगतो. अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे, तो थोड्या थोड्या वेळाने उडतो. एका फवाऱ्यानंतर पुढच्यासाठी किती मिनिटं थांबावं लागलं याच्या २७२ नोंदी आहेत, आर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या आधीपासूनच दिलेल्या असतात, कोणीही उघडून बघावं. सरासरी येते साधारण ७१ मिनिटं. आता बातमी लिहायची तर आपण लिहू की फवारा सरासरी ७१ मिनिटांनी उडतो, आणि वाचणारा धरून चालेल की बहुतेक वेळा ७१ च्या आगेमागेच उडत असणार.

पण हिस्टोग्राम काढा, म्हणजे ५-५ मिनिटांचे क्लास (गट) पाडा आणि प्रत्येकात किती नोंदी पडल्या तेवढ्या उंचीचा खांब उभा करा. ४० पासून १०० पर्यंत खांब असे येतात: ४, २२, ३३, २४, १४, १०, २७, ५४, ५५, २३, ५, १. सरळ दोन उंचवटे आहेत, एक ५० ते ५५ च्या जवळ आणि दुसरा, जास्त मोठा, ८० च्या दोन्ही बाजूंना, आणि मध्ये खड्डा. ६५ ते ७५ या १० मिनिटांत फक्त ३७ नोंदी आहेत, तर ७५ ते ८५ मध्ये १०९. म्हणजे ज्या आकड्याला आपण नेहमीचा म्हणून छापणार होतो तिथे गर्दीच नाही! आणि याला कारणही आहे, फवारा थोडाच वेळ उडाला तर आतलं पाणी कमी खर्च होतं आणि पुढचा लवकर येतो, जास्त वेळ उडाला की परत भरायला आणि तापायला वेळ लागतो. खरी बातमी या दोन उंचवट्यांत आहे, ७१ मध्ये ती कुठेच दिसत नाही.

आता याहून महत्त्वाची गोष्ट, चित्र काढलं म्हणजे झालं असंही नाही. याच २७२ नोंदी ५ ऐवजी २० मिनिटांच्या क्लासमध्ये घाला. तीनच खांब होतात, ८३, १०५ आणि ८४. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार, अगदी पुस्तकात दाखवतात तसा छान एकच डोंगर, आणि जिथे खड्डा होता तो आता मधल्या उंच खांबाच्या पोटात गेला. आकडा एकही बदललेला नाही, कोणी खोटं बोललेलं नाही, फक्त क्लासची रुंदी बदलली. म्हणून मी मुलांना सांगतो की कमीत कमी दोन-तीन वेगवेगळ्या रुंदीचे हिस्टोग्राम काढून बघितल्याशिवाय आकार कसा आहे हे बोलूच नका, आणि सॉफ्टवेअरने आपणहून जो काढून दिला तो शेवटचा समजू नका.

बॉक्स प्लॉट नावाच्या आकृतीचंही तसंच. संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या १९७७ च्या पुस्तकामुळे तो सगळीकडे पोचला आणि मला स्वतःला तो खूप आवडतो, पाच आकड्यांत बरंच काही सांगतो, सगळ्यात लहान, पहिला क्वार्टाइल (पाव नोंदी त्याच्या खाली), मिडियन (आकडे क्रमाने लावले की अगदी मधला), तिसरा क्वार्टाइल (पाऊण नोंदी त्याच्या खाली) आणि सगळ्यात मोठा, आणि पहिल्यापासून तिसऱ्या क्वार्टाइलपर्यंत एक डबा काढतात. या फवाऱ्यासाठी ते ४३, ५८, ७६, ८२ आणि ९६. पण खड्डा नेमका ५८ ते ८२ च्या डब्यात येतो आणि डबा बाहेरून दिसतो एकसंध. दोन-चार गट शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर बॉक्स प्लॉटला तोड नाही, पण एकाच गटाचा आकार बघायचा असेल तर हिस्टोग्रामच हवा.

पेपरात सगळ्यात जास्त खटकते ती वयोगटांची आकृती. ० ते ५, ६ ते १७, १८ ते ४४, ४५ ते ६४ आणि ६५ च्या वर, असे गट करतात आणि प्रत्येक गटात किती पेशंट त्याचे खांब उभे करतात. १८ ते ४४ चा खांब जवळपास नेहमीच उंच दिसणार, कारण त्या गटात २७ वर्षं कोंबलीयेत आणि ० ते ५ मध्ये फक्त ६. समजा १८ ते ४४ मध्ये ५४० पेशंट आहेत आणि ० ते ५ मध्ये १८०. खांब बघून वाटतं मोठ्यांना तिप्पट त्रास आहे. पण वयाच्या दर वर्षामागे बघितलं तर मोठ्यांत २० येतात आणि लहानांत ३०. चित्र उलटलं! क्लास सारख्या रुंदीचे नसतील तर उंचीने नाही, खांबाच्या क्षेत्रफळाने संख्या दाखवायची असते, हा पहिल्या सेमिस्टरचा नियम आहे आणि आजार पसरलेला असताना तो मोडला तर घरात लहान मूल असलेला माणूस उगाच निर्धास्त होतो. (त्या त्या वयाचे लोक मुळात किती आहेत हा अजून पुढचा प्रश्न, पण निदान एवढं तरी करा.)

एखादा आकडा फार लांब गेला की काय होतं ते तर सगळ्यांना माहीतच असतं, तरी छापताना विसरलं जातं. समजा नऊ पेशंट हॉस्पिटलमध्ये इतके दिवस होते: ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८ आणि ६०. सरासरी १२, आणि नवातले आठ जण त्या १२ च्या खाली. मिडियन ६, आणि शेवटचा ६० चा ९ केला तरी मिडियन ६ च राहतो. म्हणून उत्पन्न, घरांच्या किमती, हॉस्पिटलमध्ये किती दिवस राहावं लागलं, असे एका बाजूला लांब शेपूट असलेले आकडे असतील तिथे मिडियन द्या, सोबत पहिला आणि तिसरा क्वार्टाइल द्या. पण म्हणून सरासरी टाकून द्या असं मी म्हणत नाहीये, एकूण किती बेड लागतील, किती औषध लागेल, हा हिशोब सरासरीनेच होतो, कारण सरासरीला संख्येने गुणलं की बेरीज परत मिळते, मिडियनने ती मिळत नाही. आणि तो ६० दिसला की लगेच आउटलायर म्हणून खोडूनही टाकू नका, आधी बघा तो टायपिंगचा घोळ आहे का खरंच एक माणूस ६० दिवस अॅडमिट होता, कारण खरा असेल तर कदाचित सगळ्यात मोठी बातमी तोच आहे.

तर विनंती अशी. सरासरी छापाल तिथे किती जणांची ती सांगा आणि शेजारी मिडियन द्या. जागा असेल तेव्हा छोटा हिस्टोग्राम टाका, क्लास सारख्या रुंदीचे ठेवा, नसतील तर खांबांची उंची दर वर्षामागे किंवा दर युनिटमागे काढा. आणि ऑनलाइन आवृत्तीत, माणसांची ओळख उघड होत नसेल तिथे, गटात घालायच्या आधीचे मूळ आकडे जोडा, कारण एकदा १८ ते ४४ असा गट केला की त्यातला कोण १९ चा आणि कोण ४३ चा हे परत कोणालाच काढता येत नाही.

आपला,
स्टॅटिस्टिक्सचा एक शिक्षक आणि रोजचा वाचक