लहान प्लेट चालेल, पण नग किती ते छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबई-पुण्यात गेल्या दहा वर्षांत ‘स्मॉल प्लेट्स’, म्हणजे टेबलावर सगळ्यांनी वाटून खायचे लहान मापाचे पदार्थ, देणारी रेस्टॉरंट्स बरीच वाढली. २०१५ साली लोअर परळला ‘बॉम्बे कँटीन’ सुरू झाले आणि आपले देशी पदार्थही या पद्धतीने मांडता येतात हे लोकांना दिसले. आता वांद्रे, फोर्ट, कोरेगाव पार्क, बाणेर सगळीकडे असे मेन्यू आहेत. स्वयंपाक बहुतेक ठिकाणी मन लावून केलेला असतो. दाबून पाणी काढलेले कुरकुरीत बोंबील, कोकमाच्या आगळात मुरवलेला रावस, आंबेमोहोराच्या भातावर तिरफळाची आमटी असे पदार्थ पूर्ण थाळीच्या हिशेबात कोणी करून बघितले नसते. दोघांना पाच-सहा चवी घेता येतात, कमी खाणाऱ्या ज्येष्ठांचे अन्न वाया जात नाही. तरीही लोक उठतात ते अर्धवट समाधानाने, आणि त्याची कारणे दुरुस्त करता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण मेन्यूकार्डातच आहे. मासा कोणत्या बंदरावरून आला, मिरची कोणत्या गावची, हे दोन ओळींत लिहिलेले असते. प्लेटमध्ये कोळंब्या किती, ते मात्र नसते. चौघांच्या टेबलावर तीन नगांची प्लेट आली की एक तर कोणाला तरी पदार्थ सोडावा लागतो, नाहीतर दुसरी प्लेट मागवावी लागते. उडप्याकडे इडलीची प्लेट म्हणजे दोन नग हे ठरलेले असते, खानावळीत हाफ आणि फुल असते. ज्या स्पेनमधून ही पद्धत जगभर गेली, तिथे अनेक बारमध्ये एकच पदार्थ तापा (घासभर), मेदिया रासिओन (अर्धी प्लेट) आणि रासिओन (पूर्ण प्लेट) अशा तीन मापांत मिळतो आणि प्रत्येक मापाची किंमत वेगळी लिहिलेली असते. आपल्याकडे आकार लहान झाला, माप मात्र गळून पडले. नीट चालवलेल्या भटारखान्यात प्रत्येक पदार्थाचे रेसिपी कार्ड असते, त्यावर ग्रॅम आणि नग लिहिलेले असतात, कारण त्याशिवाय पदार्थाचा खर्च काढताच येत नाही. तोच आकडा किमतीशेजारी छापायला जास्तीचे काम पडत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. ‘पदार्थ तयार होतील तसे येतील’ असे सांगितले जाते. भटारखान्यात थंड पदार्थांचा, तळणीचा, तंदूरचा आणि तव्याचा विभाग वेगळा. सगळी ऑर्डर एकाच केओटीवर (भटारखान्याला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) गेली की प्रत्येक विभाग आपापले काम लगेच सुरू करतो. थंड पदार्थ पाच मिनिटांत निघतो, तळलेला सात-आठ मिनिटांत, तंदूरचा पंधरा मिनिटांत. म्हणून सुरुवातीला चार प्लेट एकदम येतात, दोघांच्या टेबलावर त्या मावत नाहीत, आणि पुढची वीस मिनिटे हात रिकामे. दरम्यान जे खायचे राहिले ते बिघडते. कोळंबी कोळीवाडा ओल्या चटणीवर मांडलेला असेल तर पाच मिनिटांत खालची बाजू मऊ पडते. वाफवलेला बाव (सारण भरलेला मऊ चिनी पाव) निवला की वरचा पापुद्रा चिवट होतो. आंबट रसातला कच्चा मासा अर्ध्या तासावर राहिला की आम्लाने त्यातली प्रथिने घट्ट होत जातात आणि तुकडा खडूसारखा लागतो. फ्रिजमधून थेट आणलेल्या बुराटाच्या (आत साय भरलेले मऊ इटालियन चीज) आतली साय थिजलेली असते. तो अर्धा तास बाहेर ठेवूनच वाढायला हवा.

यावर ग्राहकाच्या हातात एक साधा उपाय आहे: सगळे एकदम सांगू नये. चौघांसाठी आधी तीन प्लेट मागवाव्यात, एक थंड, एक तळलेली, एक भाजीची. त्या संपत आल्या की पुढच्या तीन. तंदूरचे काही हवे असेल तर ते पहिल्याच फेरीत सांगावे, म्हणजे ते दुसऱ्या फेरीबरोबर येते. वेटरला ‘हे होल्ड करा, सांगितल्यावर काढा’ म्हटले तर तो केओटीवर तशी नोंद करू शकतो. रस्सा किंवा सॉस असलेल्या पदार्थाबरोबर पाव आहे की त्याचे पैसे वेगळे, हेही आधीच विचारावे. तीन कोळंब्यांनंतर वाटीभर उत्तम मसाला उरतो आणि तो पुसून खायला काही नसते, हे फार वाईट वाटते.

तिसरी गोष्ट बिलाची. समजा ५५० रुपयांच्या आठ प्लेट झाल्या, म्हणजे ४,४००. त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ४,६२० व्हायला हवेत. पण १० टक्के सेवाशुल्क आधी मिळवून मग त्या बेरजेवर जीएसटी लावला तर बिल ५,०८२ होते. फरक ४६२ रुपयांचा, जवळजवळ एका प्लेटचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही आणि ते बिलात मिळवून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे वैध ठरवली. सेवाशुल्क काढायला सांगावे. नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी. वाढणाऱ्यांना जे द्यायचे ते खुशीने, त्यांच्या हातात द्यावे. या पद्धतीत दर दहा मिनिटांनी ताटल्या बदलण्याचे कष्ट त्यांचेच असतात.

राहिला मापाचा प्रश्न. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेन्यूवर उष्मांक आणि वाढणीचे माप द्यावे लागते. एक-दोन शाखांची रेस्टॉरंट्स त्यातून सुटतात, आणि लहान प्लेटची बहुतेक तीच आहेत. त्यांना उष्मांक मोजायला लावू नये, तो खर्च त्यांना झेपणार नाही. नग आणि ग्रॅम एवढे मात्र प्राधिकरणाने सर्वांना सक्तीचे करावे, आणि तोवर हॉटेलचालकांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना ते स्वतःहून छापायला सांगावे.

आपला,
एक वाचक, ठाणे