सोपो घ्या, पण भांडायला माणूस तरी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायचं तर सोपो, म्हणजे जागेची पट्टी, द्यावी लागते आणि सोपोवरून कटकट होते ती जुनीच आहे, पण तिथे निदान पावती फाडणारा माणूस समोर उभा असतो, त्याच्याशी हुज्जत घालता येते, नाहीच जमलं तर पालिकेत जाऊन दोन शब्द ऐकवता येतात. मोबाइलच्या ॲप स्टोअरवर सोपोवाला दिसतच नाही, नुसता मेल येतो.

माझ्या भाच्याने नोकरी सांभाळून फावल्या वेळात जत्रा आणि देवळांतल्या काल्यांच्या उत्सवांचं एक ॲप केलं. कुठल्या गावात काला कधी, रात्री नाटक आहे की दशावतार, पालखी किती वाजता, बस एवढंच. आपल्याकडे सगळं तिथीवर चालतं त्यामुळे तारीख दरवर्षी बदलते, शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला हे सगळ्यांना पाठ असतं हो, पण लहान लहान वाड्यांवरचे काले कोण लक्षात ठेवणार? ॲप फुकट, जाहिरात नाही. एका भजनी मंडळाने सांगितलं म्हणून त्यांच्या वर्गणीचा क्यूआर कोड त्यात टाकला आणि तिथेच माशी शिंकली. स्टोअरने (कुठल्या ते लिहीत नाही, पोराला पुन्हा तिथेच जायचंय) अपडेट नाकारलं, म्हणे पेमेंटच्या पॉलिसीचं उल्लंघन. बरं, नियम असेल, आम्हाला ठाऊक नव्हता, क्यूआर काढला. पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच मेल, अक्षर न् अक्षर तोच. अपील केलं तर त्यालाही तेच उत्तर, नेमकं चुकलं काय विचारलं तर पॉलिसीची लिंक. तोवर दोन जत्रा आणि पाचेक काले होऊन गेले आणि ॲपमध्ये तारखा गेल्या वर्षीच्या. माझी बहीण म्हणाली, कोणी चुकीच्या रात्री जाऊन रिकाम्या मंडपासमोर उभा राहिला की शिव्या आमच्याच पोराला.

पैशांबद्दल मी फार बोलत नाही. गूगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर आणि शिवाय मॅक हवा, फुकट ॲप करणाऱ्याने तो कुठून आणायचा हा एक प्रश्न आहेच. ॲपमधल्या विक्रीवर स्टोअर घेतं त्या १५ आणि ३० टक्के कमिशनचं भांडण मात्र मोठ्यांचं. ते भांडतात तेव्हा निदान कोणी ऐकतं तरी. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, मार्च २०२५ मध्ये अपील लवादाने तो सुमारे २१६ कोटींवर आणला. मार्च २०२४ मध्ये नोकरी, भारत मॅट्रिमनी असली ॲपं गूगलने स्टोअरवरून काढली तेव्हा केंद्रीय मंत्री बोलले आणि ती परत आली. काल्याच्या ॲपसाठी कुठला मंत्री बोलणार!

छोट्याला जाच होतो तो बारीकसारीक नियमांचा. नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर वैयक्तिक खातं काढलेल्याने ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यायचं, आधी तर २० माणसं लागायची. अहो आमच्या भजनाला बारा माणसं सलग चौदा दिवस येत नाहीत! मग काय, पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे निघालेत, म्हणजे फालतू ॲपं रोखायला नियम आणि त्या नियमावर तिसऱ्याचाच धंदा. शिवाय तिथी तीच, देव तोच, तरी ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडप्रमाणे बदलून द्यायचं, नाहीतर नवा फोन घेणाऱ्याला ते स्टोअरवर दिसतच नाही.

कोणी म्हणेल स्टोअर नको तर एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट फोनवर टाकायची फाइल, वाटा, घरच्या बल्कांवावर (ओसरीवर) टोपली मांडून विकतात तसं. आता तिथेही येतायत. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की अँड्रॉइडवर स्टोअरबाहेरून टाकायच्या ॲपच्या डेव्हलपरनेही आधी त्यांच्याकडे ओळख पटवून घ्यायची, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये आणि २०२७ पासून बाकीच्या देशांत. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी थोडी वाट ठेवू म्हणाले. कारण खोटं नाही हे मी मान्य करतो, व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके पाठवून लोकांचे खाते साफ करणारे आहेतच, माझ्या ओळखीत असा एक फसलाय. पण माझ्या बल्कांवावर बसायलाही बाजारवाल्याचं ओळखपत्र लागायचं असेल तर त्याने ते नाकारलं की जायचं कुठे?

सगळे नियम काढून टाका असं माझं म्हणणं नाही. नाकारलंत तर कुठल्या स्क्रीनवर काय चुकलं ते एक ओळ लिहा, अपील माणसाने वाचावं आणि त्याला दिवसांची मर्यादा असावी, एवढं सरकारने कायद्यात घालावं. आपले खासदार हे दिल्लीत मांडतील का ते माहीत नाही, पण विचारायला काय हरकत आहे.

सध्या भाचा तारखांची पीडीएफ करून देवळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि म्हातारी माणसं मला ती मोठ्या अक्षरात छापून मागतात.

आपला,
एक वाचक, डिचोली