नमुना नेलात, अहवाल कुठे आहे?

महोदय,

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी प्रबंधांच्या तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून अजून बोलावणं येतं. मागे एका विद्यार्थिनीचा प्रबंध हाती आला. विषय विहिरी आणि हातपंपांच्या पाण्याचा. काम चोख. काही नमुन्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या, म्हणजे भारतीय मानकाच्या मर्यादेच्या, बरंच वर होतं. मी विचारलं, "हे गावात कुणाला सांगितलंत का?" ती मार्गदर्शकांकडे बघू लागली. ते म्हणाले, "सर, ते आपल्या उद्दिष्टांत नव्हतं."

नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. धोका सर्वांत जास्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. म्हणजे बाळासाठी पाणी मुद्दाम उकळून घेणारी आई नेमकी फसते. तिला सावध करायला एक कागद पुरला असता. प्रबंध मात्र कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत ग्रंथालयात गेला.

विद्यापीठांनी समाजाभिमुख व्हावं, हे वाक्य प्रत्येक दीक्षान्त समारंभात ऐकू येतं. विद्यापीठं-महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाला, जागा आहे. त्यासाठी जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटोही जोडले जातात. फोटोत गाव दिसतं, गावाला काय मिळालं ते दिसत नाही. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांनी १९७०च्या दशकात 'विज्ञान दुकानं' काढली, तिथे क्रम उलटा होता. संशोधनाचा खर्च न परवडणाऱ्या नागरिकांच्या गटांनी प्रश्न आणायचा, विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली तो अभ्यासाचा भाग म्हणून सोडवायचा आणि उत्तर विचारणाऱ्याच्या हाती द्यायचं.

इतकं आपल्याकडे लगेच होईल असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रबंधासाठी लोकांचं पाणी, माती किंवा माहिती घेतली, तो जमा करताना सोबत एक पानाचा मराठी सारांश आणि तो ग्रामसभेत किंवा वस्तीत वाचून दाखवल्याची नोंद जोडायला काय हरकत आहे? त्याला गुण ठेवा, नाहीतर कुणी करणार नाही. विद्यार्थ्यांना मी चांगला ओळखतो!

यावर एक आक्षेप नेहमी येतो: महाविद्यालयाची प्रयोगशाळा अधिकृत नाही, लोक उगाच घाबरतील. आक्षेप खोटा नाही. मग सारांशात तसं स्पष्ट लिहा, 'हा निष्कर्ष प्राथमिक आहे, शासकीय प्रयोगशाळेतून फेरतपासणी करून घ्यावी'. शंका आहे म्हणून गप्प बसणं हे कोणत्या संशोधनपद्धतीत बसतं?

विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) कुणा सदस्याला हा ठराव मांडायचा असेल, तर मसुदा करून द्यायला मी तयार आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक