दुधाच्या पिशवीचा कोपरा

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय गण्या,

फोनवर तू पोट धरून हसलास. मागून काकांचा आवाजही आला, "एवढी फी भरून पोरगा पिशव्यांचे कोपरे गोळा करतोय?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

डिझाइन कॉलेजात आम्हाला मिळालेलं ब्रीफ, म्हणजे नेमून दिलेलं काम, दीड ओळीचं होतं. पर्यावरणाच्या एका प्रश्नावर डिझायनर म्हणून काम करा, माध्यम खुलं, मुदत सहा आठवडे. बस्स. आपल्याला बारावीपर्यंत 'कोणतेही तीन सोडवा' एवढंच स्वातंत्र्य ठाऊक! मी आपलं पोस्टर केलं, घाम पुसणारी पृथ्वी. मॅडम सॉफ्ट बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघून कोण काय वेगळं करेल?" मी म्हटलं, लोक जागरूक होतील. "कुठले लोक?" मला एक माणूस सांगता येईना. वर्गात त्या दिवशी सात पृथ्व्या लागल्या होत्या रे, त्यातल्या दोन तळहातांवर.

मग दुसऱ्या आठवड्यात वाचत सुटलो. मुठा, कचरा डेपो, मायक्रोप्लास्टिक, जे सापडेल ते. भिंतभर चिठ्ठ्या लावल्या, बाण काढले, आणि शेवटी प्रत्येक चिठ्ठीपासून प्रत्येक चिठ्ठीकडे बाण जायला लागला. रिटेल आणि वेबर या दोघांनी १९७३ मध्ये नगरनियोजनाबद्दल लिहिताना असल्या प्रश्नांना 'विकेड प्रॉब्लेम' म्हटलं होतं. ज्याची नेमकी व्याख्याच करता येत नाही, 'चला, सुटला' म्हणायची वेळ कधी येत नाही, आणि उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, फार तर बरं किंवा वाईट. आपल्याकडे याला त्रांगडं म्हणतात. नाव कळल्यावर एक दिवस हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी भिंत होती तशीच.

आणि मग आमच्या खोलीतली मोरी तुंबली. पाळी माझी होती. जाळी उचलली तर खाली केस, चहाचा चोथा, आणि नखाएवढे निळे-पांढरे प्लास्टिकचे त्रिकोण, चांगले मूठभर. आम्ही चौघं रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या फोडतो, कोपरा कापतो आणि तो कुठं जातो ते कुणीच बघत नाही. तो इथं जात होता.

घरी फोन केला तेव्हा सहज आईला विचारलं. तू आमच्या ओट्याच्या टाइलवर धुऊन चिकटवलेल्या पिशव्या पाहिल्यायस, महिन्याच्या शेवटी त्या रद्दीवाल्याकडे जातात. आई कोपरा कधीच पूर्ण कापत नाही. चीर देते आणि तो तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवते. का, तर आजीनं सांगितलं होतं, तुकडे मोरीत अडकतात. 'पर्यावरण' हा शब्द त्या संभाषणात एकदाही आला नाही.

आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. मोरीतून काढून बरणीत ठेवलेले तुकडे त्यांना दाखवले. त्या म्हणाल्या, पिशवी धुतलेली असेल तर भंगारात पैसे होतात, पण हे कोण वेचत बसणार भाऊ, हे झाडणात जातं. म्हणजे बघ, सबंध पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, वितळवून पुन्हा वापरता येणारी. वेफर्सच्या पाकिटासारखी निरनिराळे थर चिकटवून केलेली नाही. तरीही तिचा एक कोपरा आपण आपल्या हातानं हिशेबाबाहेर टाकतो. फाडावी म्हटलं तर ती फाटत नाही, ताणली जाते, म्हणून कात्री आली. नाहीतर दात.

सरकारनंही हात लावून बघितलाय. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाची पिशवी वगळली, पण ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर किमान ५० पैसे परत मिळण्याची किंमत छापलेली हवी, असा नियम केला. आमच्या गल्लीतल्या तीन दुकानांत विचारलं. एकाही दुकानदारानं आजवर कुणाला हे पैसे दिले नव्हते, आणि कुणी मागितलेही नव्हते. अरे, ५० पैशांचं नाणं अजून कायद्यानं चालतं, पण तू गल्ल्यात शेवटचं कधी पाहिलंस? जे सुटं कुणाकडेच नाही ते परत द्यायचं ठरवलं, तर काय होणार! आजोबा मुंबईत होते तेव्हा आरेची काचेची बाटली रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही म्हणे. तिथं आठवण ठेवायचं काम बाटलीच करायची.

मी मनात म्हटलं, सोपं आहे, आईची पद्धत सगळ्यांना शिकवू. कोपऱ्यावरच्या टपरीवर सकाळी उभा राहिलो. एकतीस पिशव्या, एकतीस कोपरे. टपरीवाल्या काकांना चीर देऊन दाखवली तर ते म्हणाले, "धार वाकडी जाते." न्हाणीघरात पाणी भरून चाळीस पिशव्या कापून बघितल्या, त्यांचं म्हणणं खरं निघालं. लोंबता तुकडा धारेच्या आड येतो, दूध त्याला धरून पिशवीच्या अंगानं खाली उतरतं आणि ओट्यावर सांडतं. मग आईचं का सांडत नाही? व्हिडिओ कॉलवर ओतायला लावलं तेव्हा कळलं, तो तुकडा ती अंगठ्यानं मागं दाबून धरते. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. टपरीवाल्या काकांचा एक हात स्टोव्हच्या पंपावर असतो, त्यांच्याकडे मोकळा अंगठाच नाही.

सध्या मी त्या अंगठ्यावर अडकलोय. चिमटा करून पाहिला, मॅडम म्हणाल्या, "एक कचरा टाळायला दुसरी वस्तू?" आता कापायची रेघ कुठं आणि कशी छापली तर तुकडा आपोआप मागं वळेल, एवढंच बघतोय. पाचवा आठवडा संपत आला.

तू म्हणालास ते मला लागलं, खोटं कशाला बोलू. "कृष्णेत कारखान्यांचं पाणी येतं ते सोडून हे काय?" २०१९ च्या पुरानंतर तुमच्या गल्लीतल्या तारांना लोंबणाऱ्या चिंध्या मीही बघितल्यात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्युरीत, म्हणजे शेवटच्या परीक्षणात, कुणी हेच विचारलं तर तिथंही नसेल. पण त्या पृथ्वीपुढं मी नुसता उभा होतो, इथं निदान न्हाणीघरात कात्री घेऊन बसता तरी येतं.

आता तुझं काम. तुमच्या दुकानात दुधाच्या क्रेटमध्ये गळक्या पिशव्या येतात ना, त्या आठवडाभर बाजूला ठेव. आडव्या शिवणीतून गळतात की कोपऱ्यातून, ते मला हवंय. मी कोपऱ्याशी खेळ केला आणि त्यामुळे गळती वाढली, तर डेअरीवाले मला दारातसुद्धा उभं करणार नाहीत. काकांना विचार, त्यांना हे न बघताही माहीत असेल. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभ्या

ता. क. पिशव्या धुऊन, वाळवून पाठव. गेल्या वेळी एसटीनं पाठवलेल्या बासुंदीच्या डब्याचं काय झालं होतं ते आठव.