मन्या, तुझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. प्रश्न एकदम नेमक्या जागी टोचणारा विचारलायस. गोळी एंझाइमला अडवते हे ठीक, पण मग शरीर काय गप्प बसणारे का, ते अजून एंझाइम बनवेल की, मग गोळीचा उपयोग काय? फोनवर सांगायला गेलो तर आपण नेहमीसारखे भलतीकडेच जाऊ म्हणून लिहूनच पाठवतोय, लांबेल जरा, निवांत वाच.

एंझाइमचं (म्हणजे रिअ‍ॅक्शन घडवणाऱ्या प्रोटीनचं) नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. नावाला घाबरू नको. लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल तयार व्हायला तीसेक पायऱ्या लागतात, त्यातली ही अगदी सुरुवातीची, आणि हिच्याच वेगावर पुढची सगळी लाइन चालते. काम एवढंच की एचएमजी-कोए हा कच्चा माल पकडायचा, एनएडीपीएच नावाच्या मदतनीसाचे दोन रेणू खर्च करायचे आणि मेव्हॅलोनेट हा पुढच्या पायरीचा माल बनवून सोडून द्यायचा. माणसातलं हे प्रोटीन ८८८ अमिनो अ‍ॅसिडचं. पुढचा भाग एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या (पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या) पडद्यातून आठ वेळा आरपार जातो, आणि खरं काम करणारा मागचा भाग पेशीद्रवात बाहेर असतो. असे चार मागचे भाग एकमेकांना चिकटून काम करतात आणि गंमत म्हणजे रिअ‍ॅक्शनची खाच कुणा एकाची नसते, दोघांच्या हद्दीवर असते.

आता स्टॅटिन, म्हणजे तुझी गोळी ज्या जातीची आहे ती औषधं. २००१ मध्ये ईव्हा इस्टव्हान आणि योहान डायझेनहोफर यांनी या एंझाइमचे सहा वेगवेगळ्या स्टॅटिनसकट क्रिस्टल करून रचना छापल्या, त्यात तुझी अ‍ॅटोर्वास्टॅटिनपण आहे. (हा तोच डायझेनहोफर ज्याला १९८८ चं नोबेल प्रकाशसंश्लेषणाच्या प्रोटीनसाठी मिळालं होतं.) त्या रचनेत दिसतं ते असं की प्रत्येक स्टॅटिनच्या एका टोकाला हुबेहूब एचएमजीसारखा (एचएमजी-कोएमधल्या एचएमजी या भागासारखा) तुकडा असतो, तो खाचेत खऱ्या एचएमजीच्याच जागी बसतो आणि ६८४ ते ६९२ नंबरच्या अमिनो अ‍ॅसिडच्या वळणाशी हायड्रोजन बाँड जुळवतो. इथपर्यंत साधी नक्कल. पण मागचं जे मोठं तेलकट धूड आहे ना, त्याच्यासाठी एंझाइममध्ये जागाच नसते! मग एंझाइमचं शेवटचं शेपूट बाजूला सरकतं आणि तिथे उथळशी खोबण तयार होते, त्यात हे धूड पसरतं. बोट दिलं तर मनगट धरणारी जात आहे ही. अ‍ॅटोर्वास्टॅटिनची फ्लोरिनवाली रिंग तर ५९० नंबरच्या आर्जिनिनला लगटून बसते. परिणाम असा की स्टॅटिनची पकड खऱ्या एचएमजी-कोएपेक्षा हजारपटीनं तरी घट्ट. एनएडीपीएचच्या जागेला मात्र हात लागत नाही, ती बिचारी रिकामी वाट बघत राहते.

बरं, तुझा प्रश्न. तू म्हणतोस ते खरंच होतं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन पडद्यातून सुटून केंद्रकात जातं आणि रिडक्टेजचं जीन जोरात चालू करतं, वर आधी बनलेलं रिडक्टेज मोडलंही जात नाही, त्यामुळे गोळी घेणाऱ्याच्या लिव्हरमध्ये हे एंझाइम उलट वाढलेलं असतं. पण तेच एसआरईबीपी-२ अजून एक जीन चालू करतं, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण) पकडणाऱ्या रिसेप्टरचं. हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतात. म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा उतरतो तो मुख्यतः कोलेस्टेरॉल कमी बनतं म्हणून नाही, तर लिव्हर भुकेलं होऊन रक्तातून उचलतं म्हणून. ब्राउन आणि गोल्डस्टाइननी हे रिसेप्टर शोधले, १९८५ चं नोबेल त्यांना. आणि पुरावा हवा असेल तर ज्यांच्यात जन्मतःच रिसेप्टरच्या जीनच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) बिघडल्यामुळे हे रिसेप्टर चालतच नाहीत, त्यांच्यात स्टॅटिनचा एलडीएलवर फारच कमी परिणाम होतो. मला विचारशील तर सगळ्या गोष्टीतलं भारी हेच आहे, औषध शरीराच्या प्रतिक्रियेवर जगतं.

याच भानगडीत हे औषध जवळजवळ कचऱ्यात गेलं होतं बरं का. अकिरा एंडो जपानमध्ये सांक्यो कंपनीत हजारो बुरशा तपासत होते, १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून त्यांना कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन सापडलं, आणि उंदरांना दिलं तर कोलेस्टेरॉल ढिम्म हलेना. कारण उंदराचं लिव्हर रिडक्टेज इतकं वाढवतं की गोळीची डाळच शिजत नाही. मग अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर करून बघितलं, तिथे उतरलं, म्हणून पुढची गाडी सुरू झाली. बाजारात पहिलं आलं ते मात्र दुसऱ्या बुरशीतलं लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये.

आणि डोस डबल केला तर फरकही डबल, असं जे तू म्हणत होतास ते नाही होत. डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण अजून ६ टक्केच उतरतं, म्हणून मनानं वाढवू नको. वेळेचं म्हणशील तर सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर संपणाऱ्या गोळ्या रात्री घ्यायला सांगतात कारण कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं, तुझी मात्र बराच वेळ टिकते, तेव्हा सकाळी घे नाहीतर रात्री, रोज एकच वेळ ठेव म्हणजे झालं. स्नायू विनाकारण दुखायला लागले तर गोळी आपल्या आपण बंद करू नको, डॉक्टरांना सांग.

तुला ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर प्रोटीन डेटा बँकेत (प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा) १एचडब्ल्यूके (1HWK) टाक, अ‍ॅटोर्वास्टॅटिनवालं स्ट्रक्चर उघडेल. माउसनं फिरवत फिरवत एंझाइमच्या एकमेकांना चिकटलेल्या दोन साखळ्यांची हद्द शोध, गोळी तिथेच सापडेल. नाही सापडली तर फोन कर, रविवारी मोकळाच आहे.

तुझा,
बाळ्या